प्रोड्युसर व्हायचंय, पण कुणासाठी?

पत्राचा सारांश: वाचक २९ वर्षांची, मूळची पुण्याची. इंजिनिअरिंग करता करता जपानी शिकली, त्या भाषेची एन-टू पातळीची परीक्षा पास झाली आणि गेली पाच वर्षं तोक्योत एका आयटी कंपनीत ‘ब्रिज इंजिनिअर’ आहे. एका टोकाला जपानी ग्राहक, दुसऱ्या टोकाला पुण्यातली टीम आणि मधे ही. लहानपणी सुट्टीत टीव्हीवर पाहिलेल्या जपानी बनावटीच्या अ‍ॅनिमेशनमधल्या रामायणापासून हे वेड लागलं, असं ती लिहिते. आता टीव्हीसाठी माहितीपट आणि अधूनमधून चित्रपट करणाऱ्या एका छोट्या संस्थेनं तिला असिस्टंट प्रोड्युसरची जागा देऊ केली आहे. पगार आत्ताच्या जेमतेम निम्मा, आणि उत्तर दहा दिवसांत हवं. वडील म्हणतात, “प्रोड्युसर म्हणजे पैसा लावणारा. तुझ्याकडे लावायला काय आहे?” आईला तिशीची काळजी. तिला स्वतःला तीन गोष्टी खातात: उशीर झाला, या देशात मी परकी आणि इंजिनिअरिंगची वर्षं वाया जाणार. पत्राचा शेवट असा: “ताई, आत्ता उडी मारली नाही तर कधीच मारणार नाही. मारू का?”

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी, दुसऱ्यांदा तुझ्या आईबाबांच्या बाजूनं. तिसऱ्यांदा मी त्यात एक नाव शोधत होते. इतक्या मोठ्या पत्रात प्रोड्युसर हा शब्द जागोजागी आहे, पण ज्याचं काम तुला लोकांपर्यंत पोचवायचंय असा एकही दिग्दर्शक, लेखक किंवा चित्रकार नाही. ही गोष्ट मनाशी ठेव, तिच्याकडे आपण परत येऊ.

आधी बाबांचं वाक्य, कारण ते तुला लागलंय. ते अगदीच चुकीचं नाही. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसा घालणारा हेच चित्र पहिल्यापासून डोळ्यांपुढे आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी काय काय गहाण टाकलं, सरस्वतीबाईंचे दागिने कसे गेले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाबांना भीती वाटते ती त्या दागिन्यांची. त्यांना तू एकच सांग: जपानात प्रोड्युसर बहुतेक वेळा पगारदार माणूस असतो. तो वाहिनीचा, चित्रपट कंपनीचा किंवा एखाद्या प्रकाशनसंस्थेचा नोकर असतो. कॉलेज संपवून एप्रिलमध्ये रुजू होतो, आज नाट्यविभागात असतो आणि उद्या बदली होऊन जाहिरात विभागातही जातो. घर गहाण टाकणारे तिथेही झाले, पण सर्वसाधारण वाट ती नाही.

तुझी जपानी चांगली आहे, म्हणून तुला ठाऊक असलेलीच एक गोष्ट आठवून देते. ‘सेइसाकु’ हा शब्द तिथे दोन तऱ्हांनी लिहितात. एका चिन्हात खाली कापडाचं, वस्त्राचं चिन्ह असतं, दुसऱ्यात नसतं. उच्चार एकच. चित्रपटाच्या धंद्यात वस्त्रवालं सेइसाकु म्हणजे पैसा उभा करणं, हक्क सांभाळणं, नफातोट्याची जबाबदारी घेणं. बिनवस्त्राचं सेइसाकु म्हणजे प्रत्यक्ष काम पार पाडणं: माणसं जमवणं, चित्रीकरणाच्या जागांची आधी पाहणी, वेळापत्रक, गाड्या, जेवणाचे डबे, एडिटच्या तारखा. तुला मिळालेल्या ऑफरच्या कागदावर कोणतं चिन्ह आहे, ते आज रात्री बघ. बहुधा दुसरं असेल. त्यात कमीपणा काहीच नाही, पण तू स्वप्न पाहतेस ते पहिल्याचं, आणि दोन्हींतलं अंतर पगारापेक्षा मोठं आहे.

ते अंतर कसं पडतं तेही पाहू. आजचे बरेचसे जपानी चित्रपट आणि अ‍ॅनिमेशन मालिका ‘सेइसाकु इइनकाइ’ म्हणजे निर्मिती समिती करते. वाहिनी, वितरक, प्रकाशनसंस्था, जाहिरात एजन्सी, संगीत कंपनी असे पाचसहा जण पैसे घालतात. जोखीम वाटली जाते आणि हक्कही. टीव्हीचे हक्क एकाकडे, डिस्कचे दुसऱ्याकडे, परदेशातले तिसऱ्याकडे. प्रत्येकाकडे आपापली ‘मादोगुचि’, म्हणजे खिडकी. त्या खिडकीतून आलेल्या पैशातून आधी खिडकीवाल्याचं कमिशन कापलं जातं, मग उरलेलं वाटलं जातं. ज्या छोट्या संस्थेनं रात्री जागून काम केलं ती समितीत नसेल, तर तिला ठरलेली रक्कम मिळते आणि हिशेब संपतो. चित्रपट तुफान चालला तरी तिच्या पदरात आणखी काही पडत नाही. म्हणून तुला बोलावणारी संस्था समित्यांमध्ये कधी वाटा घेते का, की फक्त कंत्राटावर काम करते, हे विचारायला संकोचू नकोस. हा प्रश्न त्यांना उद्धट वाटणार नाही. धंदा कळणारी मुलगी आहे, असंच वाटेल.

आता उशिराबद्दल.

इशिइ फुकुको हे नाव तू तोक्योत ऐकलं असशील. जन्म १९२६. युद्धानंतर त्या काही काळ सिनेमात नटी होत्या, मग घरं बांधणाऱ्या एका कंपनीच्या प्रसिद्धी विभागात लागल्या. तिथली नोकरी चालू असतानाच त्यांनी टीव्हीवरच्या रविवारच्या नाटकांची निर्मिती सुरू केली. टीबीएस या वाहिनीत त्या रीतसर रुजू झाल्या १९६१ मध्ये, पस्तिशीच्या आसपास. तोवर दोन्ही कामं सांभाळली. आपण अशा माणसाला ‘दोन डगरींवर हात ठेवू नकोस’ म्हणून दटावतो. जपानीत याला ‘वाराज्यांचे दोन जोड घालणं’ म्हणतात, वाराजी म्हणजे गवताच्या वहाणा, आणि त्या म्हणण्यात दटावणी नसते. पुढे सत्तरच्या दशकात त्यांच्या एका कौटुंबिक मालिकेनं ५६.३ टक्के प्रेक्षकसंख्या गाठली, खासगी वाहिन्यांवरच्या मालिकांमधला तो विक्रम आहे. १९८५ मध्ये सर्वाधिक टीव्ही कार्यक्रमांची निर्मिती केल्याबद्दल गिनीज बुकात नोंद झाली.

पण मला त्यांच्या कारकिर्दीतलं जे सांगायचंय ते विक्रमांत नाही. १९६४ मध्ये इशिइंनी हाशिदा सुगाको या लेखिकेकडून एक नाटक लिहून घेतलं. (‘ओशिन’ ही गाजलेली टीव्ही मालिका लिहिणाऱ्या त्या याच हाशिदा.) १९९० मध्ये दोघींची एक मालिका सुरू झाली, पाच मुली असलेल्या एका घराची. नावाचा अर्थ, जग सगळं राक्षसांनीच भरलंय. मूळ म्हण सांगते की जगात राक्षस नसतात, हाशिदांनी ती उलटी केली. ती मालिका २०११ पर्यंत चालली, ५०० भाग झाले. म्हणजे १९६४ पासून मोजलंस तर एका लेखिकेच्या मागे एक निर्माती जवळजवळ अर्धशतक उभी होती. सासू, सून, भाऊबंदकी, दुकानाचा हिशेब, म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार असे घरगुती विषय, आणि पानंच्या पानं संवाद. हाशिदांच्या नाटकांत लांबलचक बोलणी असतात आणि नटांना ती पाठ करताना घाम फुटतो, हे जपानात सर्वांना माहीत. ती लांबी टिकली, कारण ती टिकवणारं कुणीतरी होतं. इशिइंचं काम कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

दुसरे सुझुकी तोशिओ. अ‍ॅनिमेशन चित्रपट करणाऱ्या स्टुडिओ जिब्लीमुळे हे नाव आपल्याकडच्या तरुण मुलांनाही ठाऊक आहे. जन्म १९४८, नागोयाचा. १९७२ मध्ये केइओ विद्यापीठातून बाहेर पडले आणि तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेत लागले. तिथे आधी एका चटपटीत साप्ताहिकात बातमीदारी, मग १९७८ मध्ये अ‍ॅनिमेशनवरचं नवं मासिक. पहिल्या अंकासाठी त्यांनी एका जुन्या चित्रपटाविषयी त्याचे दिग्दर्शक ताकाहाता इसाओंना फोन केला. ताकाहातांनी आपण मुलाखत का देणार नाही हे तासभर समजावून सांगितलं आणि फोन शेजारच्या मियाझाकी हायाओंकडे दिला, जे पुढे जिब्लीचे दुसरे मोठे दिग्दर्शक झाले. मियाझाकींनी सोळा पानं दिलीत तरच बोलेन म्हणून हट्ट धरला. ही आठवण सुझुकींनी स्वतः पुष्कळदा सांगितली आहे. दुसऱ्या संपादकानं वैतागून फोन ठेवला असता, पण हा माणूस त्या दोघांना चिकटला तो कायमचा.

पुढचं बघ. मियाझाकींच्या चित्रपटाचा प्रस्ताव कंपनीनं नाकारला, कारण मूळ कॉमिक नाही तर चित्रपट कशावर काढायचा? तेव्हा १९८२ मध्ये त्याच मासिकात मियाझाकींनी ‘नौसिका’ हे कॉमिक क्रमशः सुरू केलं. कॉमिक रुजलं आणि १९८४ मध्ये चित्रपट आला. म्हणजे ज्या अटीवर दार बंद झालं होतं, ती अटच सुझुकींनी आपल्या हातातल्या मासिकातून पुरी केली. मासिक हे त्यांचं रोजचं काम होतं, बाजूला ठेवून यायची गोष्ट नव्हती.

आणि १९८८. मियाझाकींच्या ‘तोतोरो’ या चित्रपटाची कल्पना कुणाला पटेना: दोन मुली, एक झाड आणि एक केसाळ प्राणी, यात चालण्यासारखं काय? मग जोडीला ताकाहातांचा ‘होतारु नो हाका’, काजव्यांचं थडगं, घ्यायचं ठरलं. त्याच्या मूळ कथेचं पुस्तक शिंचोशा ही प्रकाशनसंस्था काढत होती, म्हणून तो खर्च शिंचोशानं उचलला, ‘तोतोरो’चा तोकुमानं. १६ एप्रिल १९८८ ला दोन्ही एकाच तिकिटात लागले. मधल्या काळात दोन दिग्दर्शक एकाच अ‍ॅनिमेटरसाठी, कोन्दो योशिफुमींसाठी, भांडत होते, आणि ‘काजव्यां’चे एकदोन प्रसंग रंग न भरताच पडद्यावर गेले. तिकीटबारीवर जोडगोळी फारशी चालली नाही. आज ‘तोतोरो’ जिब्लीच्या बोधचिन्हात आहे. मी हा प्रसंग आठवते तेव्हा मला त्यात कुणाची थैली दिसत नाही. दोन कंपन्या, दोन हट्टी माणसं आणि एक न संपलेलं काम एका तारखेला एकत्र आणणारे हात दिसतात. स्वतः सुझुकी जिब्लीत पूर्णवेळ आले १९८९ मध्ये. वय ४१. सतरा वर्षं प्रकाशनसंस्थेत काढून. आता तुझ्या २९ बद्दल तू मला पुन्हा सांग.

यातून ‘थांब, वेळ आहे’ एवढाच अर्थ काढू नकोस. सांगायचं हे की दोघांनाही आधीच्या कामानं घडवलं. इशिइंना प्रसिद्धी विभागात कळलं की प्रायोजकाशी कसं बोलायचं. सुझुकींना साप्ताहिकात कळलं की अंकाची तारीख चुकत नसते. तुला पाच वर्षांत काय कळलं? पत्रात तू या नोकरीला वाया गेलेली वर्षं म्हणतेस, आणि पुढच्याच परिच्छेदात सहज लिहितेस की ग्राहकाच्या बैठकीआधी तू आठ जणांना वेगवेगळं भेटतेस, कुणाला काय खुपतंय ते ऐकतेस, मगच बैठक लावतेस. अगं, याला जपानात नेमावाशी म्हणतात. मोठं झाड हलवण्याआधी त्याच्या मुळांभोवती हळूहळू खणून तयारी करतात, ती मूळ कल्पना. आपले माळीही तेच करतात. नेमावाशी येत नसेल तर प्रोड्युसर निर्मिती समितीच्या पहिल्या बैठकीतच गळपटतो. ती तुला येते, आणि तीही दोन भाषांत.

मी स्वतः प्रोड्युसर नाही. शिकवायला लागण्याआधी काही वर्षं मी जपानी माहितीपटांच्या पथकांबरोबर दुभाषी म्हणून हिंडले. एकदा वारीच्या वाटेवर चित्रीकरण होतं. पथकातले प्रोड्युसर दिवसभर फारसं काही करताना दिसत नव्हते. कॅमेऱ्यामागे नाहीत, दिग्दर्शकाच्या शेजारी नाहीत. संध्याकाळी मला घेऊन ते उलट्या दिशेनं चालत गेले आणि सकाळपासून ज्यांच्या अंगणात, ओट्यावर, टपरीसमोर आम्ही उभे राहिलो होतो त्या प्रत्येकाला भेटले. नाव विचारायचे, ते कातकाना लिपीत वहीत लिहायचे, वाकून नमस्कार करायचे. चहाच्या टपरीवरच्या पोराचंही नाव लिहिलं. माझे पाय मोडून आले होते. वर्षानं त्या सगळ्यांच्या नावानं तयार कार्यक्रमाच्या डिस्क आल्या. ते काम तोवर मला माहीतच नव्हतं, आणि आजही ते कुठल्या नामावलीत दिसत नाही.

परकेपणाबद्दल मी तुला खोटा दिलासा देणार नाही. वाहिन्यांच्या आतल्या खुर्च्या अजूनही मुख्यतः तिथेच शिकलेल्या, एप्रिलमध्ये भरती झालेल्या माणसांना मिळतात. तू त्या रांगेत उभी राहिलीस तर नेहमी मागेच राहशील. पण ज्या चित्रपटाच्या आठवणीनं तू पत्र सुरू केलंस, त्याच्या प्रोड्युसरची गोष्ट तुला पुरती माहीत दिसत नाही.

युगो साको टीव्हीसाठी भारतावर माहितीपट करत. १९८३ मध्ये ते उत्तर प्रदेशात पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर, रामायणाशी जोडलेल्या जागांवर, माहितीपट करत होते. तिथे या कथेनं त्यांना धरलं. जपानीत मिळतील तेवढी रामायणं त्यांनी वाचून काढली. त्याच वर्षी इथल्या एका वर्तमानपत्रातल्या चुकीच्या बातमीमुळे असा समज झाला की हे जपानी रामायणावर चित्रपट काढतायत. विश्व हिंदू परिषदेनं दिल्लीतल्या जपानी दूतावासाकडे निषेधाचं पत्र पाठवलं: रामायण हा राष्ट्रीय वारसा आहे, परक्यानं त्याला हात लावू नये. साकोंनी भेटून गैरसमज दूर केला, आणि मग खरोखरच अ‍ॅनिमेशन चित्रपटाची कल्पना मांडली. माणूस नटानं राम उभा करण्यापेक्षा रेखाटलेला राम बरा, असं त्यांचं म्हणणं. परिषद राजी झाली. सरकारनं मात्र विषय नाजूक म्हणून सहभाग नाकारला. शेवटी काम तोक्योत झालं, ४५० च्या आसपास कलाकार, राम मोहन यांच्यासारखे भारतीय अ‍ॅनिमेटर सोबतीला. धोतर कसं नेसतात, मोठ्यांच्या पाया पडल्यावर आशीर्वादाचा हात कुठे येतो, हे जपानी चित्रकारांना समजावून सांगणारी भारतीय माणसं होती. चित्रपट पुरा होऊन पडद्यावर आला १९९३ च्या सुमारास. दहा वर्षं. तेव्हा तो सगळीकडे नीट लागलासुद्धा नाही, टीव्हीवरून तुमच्या पिढीपर्यंत पोचला. भारतातल्या चित्रपटगृहांत नव्या प्रतीत तो आला जानेवारी २०२५ मध्ये. साको २०१२ मध्येच गेले होते.

या गोष्टीत परका कोण होता? भारतात साको परके, रामायणाच्या बाबतीत त्यांचे चित्रकार परके. आणि दोघांच्या मधे उभं राहून धोतराची निरी सांगणारं कुणीतरी होतं, ज्याच्याशिवाय ते काम पुरं झालंच नसतं. तुझी जागा मला तिथे दिसते. जपानी वाहिनीच्या आत नव्हे, तर दोन देशांच्या मधे असलेल्या कामांत. असं काम आज थोडं आहे, पण त्याला लागणारी माणसं त्याहून थोडी आहेत.

आता ऑफर. तू ‘मारू का उडी?’ असं विचारलंस, पण मला उडी हा शब्दच नको वाटतो. उडीत मागे वळता येत नाही. इशिइ उडी मारून आल्या नाहीत, सुझुकीही नाहीत. दहा दिवसांची मुदत त्यांनी घातली आहे, ती आणखी दोन आठवडे वाढवून माग. नम्र पत्र लिही, कारण सांग. न वाढवणारी संस्था पुढे रजा कशी देईल, याचाही अंदाज येईल.

त्या वेळात पुढची माहिती काढ. तुझा वरिष्ठ होणारा प्रोड्युसर कोण, आणि गेल्या पाच वर्षांत त्यानं काय काय केलं? ते मिळवून बघ, सगळं बघ. बघताना ‘यातलं एखादं काम माझ्या हातून पार पडलं असतं तर मला आनंद झाला असता’ असं वाटतंय का? वाटत असेल तर निम्मा पगारही परवडतो. नसेल वाटत, तर दुप्पट पगारातही तू सहा महिन्यांत कोमेजशील. जमलं तर तिथल्या आताच्या किंवा आधीच्या असिस्टंट प्रोड्युसरशी ऑफिसबाहेर कॉफीवर बोल. दोन वर्षांत किती जण सोडून गेले, एवढं एक कळलं तरी पुष्कळ.

तासांचंही स्पष्ट विचार. चित्रपटांच्या कामासाठी २०२३ च्या एप्रिलपासून जपानात कामाच्या परिस्थितीची तपासणी करणारी एक यंत्रणा सुरू झाली, आणि तिची मर्यादा आहे तयारी आणि आवराआवर धरून दिवसाला १३ तास. सुधारणा म्हणून ठरलेली मर्यादा १३ तास, म्हणजे आधी काय असेल ते तूच ओळख. ही संस्था त्या नियमांनी चालते का? आणि तुला ते नोकरीवर घेतायत की कंत्राटावर? कंत्राटावर असेल तर नोव्हेंबर २०२४ पासूनच्या फ्रीलान्स कायद्याप्रमाणे कामाच्या अटी लेखी मिळायला हव्यात आणि मोबदला काम पोचल्यापासून ६० दिवसांत. तोंडी ‘बघू, करू’वर विसंबू नकोस, मग माणसं कितीही गोड असोत.

व्हिसाचं तू पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीस, त्यामुळे मला जरा काळजी वाटली. तुझ्यासारख्या इंजिनिअरचा दर्जा बहुधा ‘तंत्रज्ञान, मानव्यविद्या, आंतरराष्ट्रीय सेवा’ या एकत्र गटातला असतो. त्यात नोकरी बदलता येते, पण नवं काम त्या गटात बसलं पाहिजे. करारनामे, भाषांतर, परदेशी भागीदारांशी बोलणी हे बसू शकतं, नुसतं गाडी चालवणं आणि सामान वाहणं बसायला कठीण. म्हणून कामाचं वर्णन कागदावर नेमकं लिहून घे आणि नोकरी सोडण्याआधी इमिग्रेशनकडून ‘शूरो शिकाकु शोमेइशो’, म्हणजे नवं काम तुझ्या व्हिसात बसतं असा दाखला, काढायचा की नाही, ते एखाद्या परवानाधारक सल्लागाराला विचार. जुनी नोकरी सोडल्याचं आणि नवी धरल्याचं १४ दिवसांच्या आत कळवावं लागतं. तुझा दर्जा गुणांवर मिळणारा उच्चकुशल व्यावसायिकाचा असेल तर आणखी जप: तो ठरावीक कंपनीशी बांधलेला असतो आणि गुणांत पगारही धरतात. हे सगळं ऐकायला रुक्ष आहे, पण जपानात राहून काम करायला निघालेल्या प्रत्येकाला याच दारातून जावं लागतं, आणि घाईत असलेली माणसं नेमकी इथे ठेचकाळतात.

तिसरी वाट तू विचारात घेतलेली नाहीस, ती शिकण्याची. तोक्यो कला विद्यापीठाचा चित्रपटाचा पदव्युत्तर विभाग योकोहामात आहे, २००५ पासूनचा. तिथे दिग्दर्शन आणि पटकथेसारखंच निर्मिती हेही स्वतंत्र क्षेत्र आहे. जागा थोड्या, प्रवेश अवघड, आणि दोन वर्षं पगार नाही. पण तुला ज्यांच्याबरोबर पुढची तीस वर्षं काम करायचंय ते दिग्दर्शक तिथे तुझ्या शेजारी बसलेले असतात, आणि अजून त्यांना कुणी ओळखत नसतं. मी तुझ्या जागी असते तर या वाटेचा गंभीरपणे विचार केला असता, निदान एकदा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चित्रपटांना जाऊन बसले असते.

यातलं काहीही ठरो, एक काम मात्र या शनिवार-रविवारीच कर. एक पान घे. जपानीत किकाकुशो लिही, चित्रपटाचा किंवा माहितीपटाचा प्रस्ताव. विषय असा निवड की ज्याला तू दोन्ही बाजूंनी ओळखतेस. निशिकासाइ या तोक्योतल्या भारतीयांच्या वस्तीतल्या आपल्या शाळकरी मुलांचं घ्यायचं तर घे, पुण्यात पन्नाशीत जपानी शिकायला येणाऱ्या बायकांचं घ्यायचं तर घे, मी अशा कितीतरी जणींना शिकवलंय. पानावर चार गोष्टी येऊ देत: हे कुणी बनवावं, कुणी बघावं, कोण पैसे देईल आणि का देईल. पहिल्या प्रश्नावर तू अडशील असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. अडलीस तर बरंच. मग त्या एका नावाच्या शोधाला लाग. छोट्या चित्रपटगृहांत नव्या दिग्दर्शकांचे चित्रपट लागतात, प्रयोगानंतर ते दारात उभे असतात. बोल त्यांच्याशी. शरद ऋतूत तोक्यो चित्रपट महोत्सवाबरोबर टिफकॉम नावाचा बाजार भरतो, तिथे देशोदेशीचे खरेदीदार येतात, दुभाषांची गरज असतेच. तुझ्या कंपनीच्या नियमांत आणि व्हिसात बसत असेल तर आधी परवानगी काढून तीन दिवस रजा टाक आणि तिथे काम कर. वाराज्यांचा दुसरा जोड असा घालून बघता येतो.

तुझ्यासारखी पत्रं मला इतरांकडूनही येतात. कुणी संगीत कंपनीतलं, कुणी प्रकाशनातलं, कुणी नुसतंच अ‍ॅनिमेशनवेडं. त्यांनीही हे एक पान लिहून बघावं. देश कोणताही असो, ते लिहायला पैसे पडत नाहीत.

घरच्यांबद्दल थोडं. आईला तिशीची चिंता आहे, तिच्याशी वाद घालू नकोस, तिला आकडे दे: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का, निम्म्या पगारात भाडं भागतं का, विमा आणि निवृत्तीची वर्गणी कोण भरणार. तुझ्याकडे ही उत्तरं नसतील तर तिची चिंता रास्त आहे आणि तू अजून दोनचार महिने थांबायला हवंस. बाबांना साकोंची गोष्ट सांग. लहानपणी तू ते रामायण टीव्हीवर पाहत होतीस तेव्हा तेही शेजारी बसले असतील. तो चित्रपट कुणी आणि कसा उभा केला, हे त्यांना तेव्हा कुठे माहीत होतं? आता सांग, आणि तो पुरा व्हायला दहा वर्षं लागली हेही लपवू नकोस.

मुदत वाढवून मागायचं पत्र मात्र आजच पाठव. त्यात तुझ्या होणाऱ्या वरिष्ठाची फक्त एक भेट माग, अर्ध्या तासाची. भेटलीस म्हणजे विचार: “तुम्ही सध्या कुणासाठी धडपडताय?” नाव चटकन येतं की आधी कंपनीचा पत्ता येतो, ते नीट ऐक. आणि मग मला कळव.